२२ हजारांचे कॅबिनेट घ्यावे का?

प्रश्न : मी २८ वर्षांचा असून पुण्यात भाड्याच्या घरात राहतो. गेमिंगसाठी संगणक जोडून घेत आहे. एकूण खर्च १ लाख ४० हजार रुपये असून त्यात फुल टॉवर कॅबिनेटचे, म्हणजे सारे भाग ज्यात बसतात त्या मोठ्या पेटीचे, २२ हजार आहेत. मध्यम आकाराचे मिड टॉवर ८ हजारांत मिळते. जवळ १ लाख २० हजार साठले आहेत, उरलेले २० हजार क्रेडिट कार्डावर ‘नो कॉस्ट ईएमआय’ने फेडेन. पुढे दुसरे ग्राफिक्स कार्ड आणि कस्टम वॉटर कूलिंग (सुटे भाग जोडून पाण्याने यंत्र थंड ठेवण्याची सोय) करायचे आहे. दहा वर्षे टिकणाऱ्या वस्तूवर एकदाच खर्च करणे योग्य नाही का?

उत्तर : कॅबिनेट टिकते, हा तुमचा मुद्दा खरा आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड काही वर्षांत मागे पडतात, पण मदरबोर्डचे (सारे भाग जिला जोडतात त्या मुख्य पाटीचे) एटीएक्स हे माप १९९५पासून चालत आले आहे, त्यामुळे आतले सारे दोनदा बदलले तरी बाहेरचा सांगाडा तोच ठेवता येतो. मात्र मिड टॉवरही एटीएक्स बोर्डच घेत असल्याने हा गुण त्यालाही तितकाच लागू आहे. म्हणजे तुम्ही जे १४ हजार जास्त मोजणार आहात, ते टिकाऊपणाचे नसून जागेचे आहेत. दहा वर्षांत मिड टॉवर दोनदा घ्यावे लागले असे धरले, तरी आजच्या भावाने १६ हजारच होतात. शिवाय दुसऱ्या खरेदीच्या वेळी तेव्हाची कार्डे केवढी आहेत, हे तुमच्या समोर असेल.

तेव्हा ती जागा कशाने भरणार, हे पाहावे लागते. दुसऱ्या ग्राफिक्स कार्डाचा बेत सरळ खोडून टाका, कारण २०२२मध्ये आलेल्या आरटीएक्स ४० या कार्डांच्या मालिकेपासून एनव्हिडिया कंपनीने गेमिंग कार्डे एकमेकांना जोडण्याची सोयच काढून टाकली आहे. कस्टम वॉटर कूलिंगसाठी पंप, टाकी, रेडिएटर, नळ्या आणि ब्लॉक यांचा खर्च कॅबिनेटच्या किमतीलाही सहज मागे टाकतो, आणि त्याची तरतूद तुमच्या हिशेबात कुठेही नाही. जे सामान अजून घेतलेले नाही, त्याच्यासाठी आजच कोठार बांधण्याची घाई नको. ज्यांच्याकडे एटीएक्सहून मोठा ई-एटीएक्स बोर्ड आहे किंवा व्हिडिओ साठवायला आठ-दहा हार्ड डिस्क आहेत, त्यांना मी हेच कॅबिनेट घ्या म्हटले असते. मोठ्या कॅबिनेटमध्ये यंत्र आपोआप थंड राहते, ही समजूतही बरोबर नाही. समोरच्या जाळीतून हवा किती येते आणि पंखे कसे बसवले आहेत, यावर ते ठरते.

घर भाड्याचे आहे, हेही विसरू नका. या वर्गातली काही कॅबिनेटे रिकामीच १५ किलोंच्या पुढे जातात, आणि अकरा महिन्यांचा करार संपला की ते धूड जिन्यावरून उतरवणे तुमच्याच नशिबी येईल. विकायला काढलेत, तर कुरिअरचा खर्च पाहून बाहेरगावचे गिऱ्हाईक मागे फिरते.

आता पैशांचे. मिड टॉवर घेतल्यास एकूण खर्च १ लाख २६ हजारांवर येतो आणि तूट फक्त ६ हजारांची राहते. ‘नो कॉस्ट ईएमआय’च्या हप्त्यांत व्याजाइतकी सूट मिळत असली, तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क बहुधा तुमच्याच माथी येते. रक्कम काही शे रुपयांची, म्हणून त्यावर मी अडून बसत नाही. हेच १४ हजार म्युच्युअल फंडात ठेवले असते तर दहा वर्षांत किती झाले असते, हे गणितही मी मांडणार नाही, कारण त्या न्यायाने माणसाने चहासुद्धा पिऊ नये. मला खटकते ते असे, की अडीअडचणीसाठी राखून ठेवलेल्या रकमेचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. साठवलेले सारे संपवून वर क्रेडिट कार्डाचे हप्ते ओढवून घ्यायचे, तेही रिकाम्या जागेसाठी, याला मी संमती देणार नाही. किमान तीन महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवलेला नसेल, तर संगणकाची खरेदीच तेवढी पुढे ढकला.

तो ठेवलेला असेल, तर तुटीचे ६ हजार पगारातून बाजूला पडेपर्यंत थांबा आणि समोर जाळी असलेले मिड टॉवर रोखीने घ्या. पैसे देण्यापूर्वी कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमध्ये कार्डासाठी दिलेली कमाल लांबी, हे दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये ताडून पाहा. कॅबिनेटसोबत स्वस्तातला एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) गळ्यात मारला जात असेल, तर तो मात्र घेऊ नका. तो बिघडला तर नुकसान तुमच्या महागड्या कार्डाचे होऊ शकते.