टाकीत वीस बार जास्त भरायच्या आधी

तू विचारलंस की डायव्हिंगच्या २०० बारच्या (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) हवेच्या टाकीत २२० भरले तर ती फुटेल का. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा नाही फुटत, आणि सगळी गोची तिथेच आहे, कारण एकदा काही झालं नाही की पुढच्या वेळी माणूस २३० भरतो आणि मग त्याला तीच टाकीची खरी कपॅसिटी वाटायला लागते.

टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे आधी वाचायला शीक. तिथे वर्किंग प्रेशर, म्हणजे रोज भरायचा दाब, वेगळं असतं आणि टेस्ट प्रेशर, म्हणजे तपासणीचा दाब, वेगळं. युरोपियन टाकीत टेस्ट सहसा दीडपट, म्हणजे २०० ची टाकी ३०० ला तपासलेली, आणि अमेरिकन ३००० पीएसआयच्या (दाबाचं तिकडचं एकक, ३००० म्हणजे साधारण २०७ बार) ॲल्युमिनियम टाकीची टेस्ट ५००० ला होते. हे कळलं की लगेच लोक म्हणतात, मग ३५०० ने काय होतंय? अरे पण ती टेस्ट काही वर्षांतून एकदा, पाणी भरून, थोडाच वेळ करतात. पाणी दाबलं जात नाही म्हणून टाकी फाटली तरी फार काही उडत नाही. हवेचं तसं नसतं. ११ लिटरच्या टाकीतली २०० बारची हवा एकदम सुटली तर कमीत कमी धरून चार लाख जूलच्या वर ऊर्जा बाहेर पडते, म्हणजे एक टनाची गाडी ४० मीटर उंच उचलायला पुरेल एवढी. आणि टाकी भरताना तिच्या शेजारी तू असणार, जास्त मागणारा डायव्हर बाहेर चहा पीत असणार.

आता धातूचं बघ. प्रत्येक फिलला टाकी किंचित फुगते, रिकामी झाली की परत बसते. स्टीलमध्ये ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला तर हे फार काळ चालतं, ॲल्युमिनियमला अशी पक्की मर्यादा नाही, तिथे प्रत्येक फेरी कुठेतरी जमा होत जाते आणि प्रेशर वाढवलं की जास्त वेगाने जमा होते. त्यात १९९० च्या आधीच्या बऱ्याच ॲल्युमिनियम टाक्या ६३५१ या मिश्रधातूच्या आहेत, त्यांच्या मानेत नेहमीच्या प्रेशरलाही हळूहळू तडे जाऊ शकतात, म्हणून त्यांची एडी करंट टेस्ट, म्हणजे विजेच्या प्रवाहाने तडे शोधायची तपासणी, वेगळी करतात. तू ज्या जुन्या टाकीबद्दल लिहिलं होतंस ना, तिच्याबद्दल माझ्या मनात हीच शंका आहे.

कोणीतरी तुला फ्लोरिडाच्या गुहांची गोष्ट ऐकवेलच. तिथले केव्ह डायव्हर्स २४०० पीएसआयच्या स्टीलच्या टाक्या वर्षानुवर्षं ३६०० पर्यंत भरत आलेत, हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण त्या लो प्रेशर स्टीलच्या टाक्या आहेत, आणि तरीही तो धोका त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलेला आहे, त्या उदाहरणावर ॲल्युमिनियमची टाकी भरायला जाऊ नकोस.

हॉट फिलचा गोंधळ मात्र वेगळा. भरताना हवा तापते, ५० डिग्रीला काटा २०७ दाखवत असेल तर टाकी २७ वर आल्यावर १९२ च्या आसपास राहते, मग डायव्हर कुरकुरतो आणि पुढच्या वेळी आपण आधीच जास्त ढकलतो. त्यापेक्षा हळू भर, मिनिटाला २०-३० बार, थंड होऊ दे, मग टॉप अप कर. गरम असताना २१५ आणि थंड झाल्यावर २०० हा प्रकार मला फारसा खटकत नाही. थंड टाकीत २२० मात्र खटकतं, कारण तीच टाकी उन्हातल्या बंद गाडीत ६० डिग्रीला गेली की २४५ च्या जवळ पोचते.

बर्स्ट डिस्क, म्हणजे दाब फार वाढला की फुटून हवा बाहेर सोडणारी व्हॉल्व्हवरची पातळ चकती, आहे की, असं म्हणू नकोस. एक तर ती सगळ्या व्हॉल्व्हवर नसते, युरोपियन व्हॉल्व्हवर तर बहुतेकदा नसतेच, आणि जिथे असते तिथे ती टेस्ट प्रेशरच्या आसपास फुटायला बनवलेली असते. सारखं जास्त भरून तीही कमजोर होते आणि मग नको तिथे, म्हणजे गाडीत नाहीतर पाण्याखाली, फुटते. काही महाभाग याला वैतागून दोन डिस्क एकावर एक बसवतात, अशी टाकी दिसली तर हातच लावू नकोस.

आणि एवढं करून मिळतं काय? ११ लिटरमध्ये २० बार जास्त म्हणजे २२० लिटर हवा. २० मीटर खोलीवर प्रेशर पाण्याबाहेरच्या तिप्पट, मिनिटाला २० लिटर श्वास घेणारा तिथे ६० लिटर खातो, म्हणजे चार मिनिटंसुद्धा नाहीत. ज्याला खरंच जास्त हवा हवी त्याला १५ लिटरची टाकी दे, ११ च्या तुलनेत त्याच २०० बारला ८०० लिटर जास्त मिळतात.

कोणी आधीच जास्त भरलेली टाकी आणून ठेवली तर व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून सावकाश शिक्क्यावरच्या वर्किंग प्रेशरपर्यंत उतरव, आणि पुढच्या फिलच्या आधी व्हिज्युअल, म्हणजे टाकीची आतून-बाहेरून नजरेने तपासणी, करून घे. त्या जुन्या टाकीच्या खांद्यावरच्या सगळ्या शिक्क्यांचा फोटो पाठव, आणि मी बघून सांगेपर्यंत ती भरू नकोस.