बारा लाखांत मजेची गाडी: घेण्याआधी विकायचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बजेट 12 लाख, रविवारी घाटात मजा यायला हवी, तीन वर्षांनी विकताना निम्मे पैसे बुडायला नकोत. आणि मित्र म्हणतोय, तेवढ्यात दहा वर्षं जुनी जर्मन कूपे येते.

मित्राला चहा पाजा आणि विषय बदला. मी ती चूक करून बसलोय. कंपनीचं नाव घेत नाही. काळी, दोन दारांची, मुंबईहून आणलेली. कसारा घाट चढून घरी आली तेव्हा मी हवेत होतो. पहिल्याच पावसाळ्यात गिअरबॉक्सने मान टाकली, आणि त्याच घाटातून ती फ्लॅटबेडवर बसून परत मुंबईला गेली. बिल पावणेतीन लाख. घेतली साडेनऊला, दोन वर्षांनी विकली सव्वापाचला. असल्या गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही.

कोरी घ्यावी, तर सुरुवातीची घसरण तुमच्याच खिशातून. विम्यात गाडीची किंमत धरतात त्याचं कोष्टकच बघा: वर्ष भरेपर्यंत 15 टक्के घट, तिसऱ्या वर्षी 30, पाचव्या वर्षी 50. बाजारभाव थोडा इकडेतिकडे, पण उतार कळतो. वर आपल्या महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के रोड टॅक्स. तुम्ही भरायचा आणि पुढच्याने फुकट वापरायचा.

माझा ठोकताळा एकच: कंपनीने बनवणं बंद केलेली गाडी, पण तिचं इंजिन दुसऱ्या गाड्यांत अजून येत असलेलं. मॉडेल बंद झालं की शौकीन शोधत येतात. इंजिन बाजारात असलं की फिल्टरपासून टर्बोपर्यंत पार्ट मिळतात. फोक्सवॅगनची पोलो 1.0 टीएसआय (टर्बो पेट्रोल) मॅन्युअल यात चपखल बसते. 2020 मध्ये आली, 2022 मध्ये पोलोच गेली. 110 पीएस (म्हणजे अश्वशक्ती), सहा गिअर, वजन टनाच्या जरा वर. याच घराण्याचं इंजिन फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियात आहे. पोलोच्याच जुन्या जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) चालवायला मस्त, पण त्याचं मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा मेंदू, गेलं तर लाखाच्या वरची गोष्ट, म्हणून मॅन्युअलच.

फियाटच्या अबार्थ पुंटोचं उलट. 145 पीएस, स्टिअरिंगला जुन्या गाड्यांसारखं वजन, वणीहून सापुताऱ्याकडे चढताना तिच्यासारखी मजा मला कुठल्याच गाडीत आली नाही. 2020 मध्ये पावणेसहाला घेतली, 2024 मध्ये पाचला विकली, म्हणजे तोटा फारसा नाहीच. पण मॉडेल बंद झालं आणि तिचं टी-जेट इंजिनही बाजारातून गेलं. एका सेन्सरसाठी मी पाच आठवडे स्कूटरवर फिरलो. घरात दुसरी गाडी असेल तरच या वाटेला जा.

घरात एकच गाडी असेल, मागे आई-बाबा बसणार असतील, तर तीन वर्षं जुनी स्लाव्हिया 1.5 मॅन्युअल बघा. 150 पीएस, आणि ग्राउंड क्लिअरन्स 179 मिमी. आपल्या खड्ड्यांत पोटाखालून ‘खर्रर्र’ ऐकून ज्याच्या काळजाचं पाणी झालंय, त्याला हा आकडा पटेल.

बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या रात्रीच सांगा, इंजिन गरम करून ठेवू नका. पोचलात की आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी लपवलंय, हे धरून चाला. टायरवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. चार टायर चार वेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकीही तशीच काटकसर केली असणार. ब्रेक डिस्कच्या कडेवरून नख फिरवा, जाड कंगोरा अडला की झिजली. रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली असेल तर सरळ नमस्कार करून निघा. तुम्हाला आवडेल, पण तीन वर्षांनी तुमच्याकडून घेणारा त्यावरूनच भाव पाडणार.

पासिंग शक्यतो एमएच 15 चं, म्हणजे नाशिकचंच. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी, इथला टॅक्स आणि आरटीओच्या खेपा धरल्या की तो स्वस्तपणा नाशिकच्या द्वारका सिग्नललाच संपतो.

आणि 12 च्या 12 गाडीत घालू नका. दीड लाख बाजूला काढा: टायर, सस्पेन्शनचे बुश, क्लच. माझ्या हिशेबात पहिल्या सहा महिन्यांत त्यातले निम्मे तरी जातातच.