तीन आठवड्यांचा ‘युद्धकाळातलं लंडन’ हा कोर्स तिकडे जाऊन करण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही इतिहासात एम.ए. करताय, लंडनच्या एका विद्यापीठाचा हा उन्हाळी कोर्स खुणावतोय आणि घरचे विचारताहेत की जे पुस्तकात आहे ते बघायला एवढे पैसे कशाला घालायचे. मी असाच एक कोर्स केलाय, लंडनलाच, म्हणून लिहितेय.

घरच्यांचं निम्मं खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात, ७ सप्टेंबर १९४० ला, लंडनवर जर्मनीची मोठी बॉम्बफेक सुरू झाली, पहिले जवळजवळ दोन महिने एखादी रात्र सोडली तर रोज विमानं येत होती, मे १९४१ मध्ये ती लाट ओसरली. ब्रिटनमध्ये ४० हजारांहून जास्त नागरिक गेले, त्यातले निम्म्याच्या आसपास लंडनचे. एवढ्यासाठी विमानात बसायची गरज नाही. तिथे जाऊन मिळतं ते वेगळं. जुना कागद हातात घेऊन त्याच रस्त्यावर उभं राहता येतं, आणि दोघांची साक्ष जुळत नाही हे कळतं. माझ्या मते कोर्सची किंमत एवढ्यासाठीच द्यायची.

भुयारी रेल्वेचंच घ्या. फलाटावर ओळीने झोपलेल्या माणसांचे फोटो आपण इतके पाहिलेत की सगळं लंडन खालीच झोपत होतं असं वाटतं. नोव्हेंबर १९४० मध्ये सरकारने मोजदाद केली तेव्हा भुयारी स्टेशनांत झोपणारे निघाले ४ टक्के. सार्वजनिक निवाऱ्यांत ९ टक्के, घरच्या निवाऱ्यांत २७ टक्के. उरलेले, म्हणजे निम्म्याहून जास्त लोक, आपापल्या घरात! आणि ती स्टेशनंही सरकारने आपणहून उघडली नव्हती. सुरुवातीला मनाईच होती. लोक स्वस्तातलं तिकीट काढून खाली उतरले आणि वर यायलाच तयार झाले नाहीत, तेव्हा सरकार नमलं.

पूर्व लंडनमधलं बेथनल ग्रीन स्टेशन मात्र चुकवू नका, कोर्समध्ये नसलं तरी एका संध्याकाळी स्वतः जा. युद्धाच्या वेळी हे स्टेशन अर्धवट बांधलेलं होतं, गाड्या सुरू व्हायच्या होत्या. त्यामुळे खाली हजारो माणसांची झोपायची सोय, लायब्ररी, पाळणाघर, नाटकाचा रंगमंच असं एक गावच वसलं होतं. ३ मार्च १९४३ च्या रात्री भोंगा झाला, लोक खाली उतरू लागले. तेवढ्यात जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून नव्या विमानविरोधी रॉकेटांचा मारा सुरू झाला. तो आवाज कुणी ऐकलेला नव्हता, बॉम्बच पडला असं वाटून मागून रेटा आला. पायऱ्यांवर अंधूक दिवा, मधे कठडा नाही. मूल घेतलेली एक बाई तळाशी अडखळली आणि तिच्यावर माणसं कोसळत गेली. १७३ मेले, त्यात ६२ मुलं. त्या भागात त्या रात्री एकही बॉम्ब पडला नव्हता.

पुढचा भाग कागदांतला आहे. या प्रवेशद्वारात बदल करायची परवानगी स्थानिक कौन्सिलने १९४१ मध्येच मागितली होती आणि वरून नकार आला होता. दुर्घटनेनंतर चौकशी झाली, पण अहवाल जवळजवळ दोन वर्षं दाबून ठेवला. शत्रूला कळू नये, हे कारण. कौन्सिलने तोंड उघडायचं नाही, म्हणून दोष आपसूक ‘घाबरलेल्या गर्दी’कडे गेला. स्टेशनच्या बाहेर उलट्या जिन्याच्या आकाराचं स्मारक आहे, ते पूर्ण झालं २०१७ मध्ये. ‘लंडनकर हसतमुखाने सगळं सोसत होते’ ही गोष्ट म्युझियमच्या दुकानात मगवर छापून विकतात. त्या जिन्यावर उभं राहिल्यावर ती कोणाच्या सोयीची होती हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे बॉम्बहानीचे नकाशे. लंडन काउंटी कौन्सिलने घर न् घर हाताने रंगवलं होतं: काळं म्हणजे पूर्ण जमीनदोस्त, जांभळं म्हणजे दुरुस्तीपलीकडे. हे नकाशे पुस्तकरूपात आलेत, जाण्याआधी लायब्ररीत शोधा. मग एखाद्या गल्लीत व्हिक्टोरियन घरांच्या ओळीत मधेच पन्नासच्या दशकातली इमारत दिसली की नकाशा उघडून बघायचा. (प्रत्येक फट बॉम्बचीच नसते. झोपडपट्ट्या पाडण्याचं काम युद्धाआधीच सुरू होतं. आमचे सर यावरून भल्याभल्यांना पकडायचे.) दक्षिण लंडनच्या काही जुन्या वसाहतींना जाळीचं कुंपण आहे, ती युद्धातली स्ट्रेचर्स आहेत. विषारी वायूचा हल्ला झाला तर धुता यावीत म्हणून पोलादाची केली होती, युद्ध संपल्यावर कुंपणाला लावली. टोकाशी दांडे वाकवलेले दिसतात ते स्ट्रेचर जमिनीपासून उचललेलं राहावं म्हणून.

आपल्याकडची माणसं कोर्समध्ये सहसा येत नाहीत, ती तुम्हाला आणावी लागतील. पुढे भारताचे संरक्षणमंत्री झालेले कृष्ण मेनन तेव्हा लंडनच्या सेंट पँक्रस भागाचे नगरसेवक होते आणि हवाई हल्ल्याचे वॉर्डन म्हणूनही काम करत. शिरोळच्या वेणू चितळे युद्धकाळात बीबीसीवर होत्या, लेखक जॉर्ज ऑर्वेलबरोबर काम करत होत्या. रेशनच्या जमान्यात ब्रिटिश गृहिणींना रेडिओवरून भारतीय शाकाहारी पदार्थ सांगणारी ही मराठी बाई! तुमच्या प्रकल्पाला यापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची कागदपत्रं आहेत, मेनन यांच्यावर पाळत ठेवणाऱ्या खात्याच्या फायलीही त्यांतच आहेत. आणि रेशनमुळे गरीब घरांतली ब्रिटिश मुलं उलट बरं जेवू लागली हे वर्गात सांगितलं जाईल तेव्हा (ते खरंही आहे) १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल विचारा. वर्गात थोडी चुळबूळ होईल, होऊ द्या.

व्यवहाराचं थोडक्यात. मान्यताप्राप्त संस्थेतला एवढा छोटा कोर्स साध्या व्हिजिटर व्हिसावर करता येतो, विद्यार्थी व्हिसा लागत नाही. उन्हाळ्यात विद्यापीठांची वसतिगृहं रिकामी असतात; स्वयंपाकघर असलेली खोली मागा, बाहेर खाऊन दिवाळं निघतं. इम्पीरियल वॉर म्युझियम फुकट आहे, पंतप्रधान चर्चिल जिथून युद्ध चालवत त्या तळघरातल्या खोल्यांना चांगलंच तिकीट आहे आणि एकदा पाहिल्या की पुरे. लंडनच्या क्यू या उपनगरातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मूळ कागद बघायला वाचक कार्ड लागतं, त्यासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा न्या. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. फायली आधी ऑनलाइन मागवून ठेवा, म्हणजे वाट बघण्यात वेळ जात नाही.

पैसे भरण्याआधी आयोजकांना ईमेल करा: अभिलेखागारात किती दिवस, स्वतःचा प्रकल्प आहे की नुसती हजेरी, शिकवणारे स्वतः या विषयात काम करतात का. आपल्या विद्यापीठाकडूनही क्रेडिट धरणार का ते लेखी घ्या. वेळापत्रकात नुसत्या म्युझियमच्या सहली आणि एक चहापानाचा कार्यक्रम दिसला तर नका जाऊ, तेवढ्या पैशात पुढच्या वर्षी स्वतःच्या हिमतीवर दहा दिवस जा आणि आठ दिवस क्यूला बसा.