फुकेतचा नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव: कांदा-लसूण नाही, दूधही नाही

तुमचे प्रश्न एकत्रच घेतो. नुकतीच थायलंडमध्ये फुकेतला बदली झाली आहे, घर पूर्ण शाकाहारी, मुलगा सहा वर्षांचा, आणि नवरात्रात आई येऊन राहणार आहेत. तेव्हा उत्सवातलं जेवण आपल्याला चालेल का, मुलाला मिरवणुकीला न्यावं का, आपण नुसते प्रेक्षक की त्यात सहभागीही होता येतं, आणि आईंचा उपास या सगळ्यात बसेल का, असं विचारलंत.

आधी तारखा. हा उत्सव चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या पहिल्या ते नवव्या तिथीपर्यंत असतो. दोन्ही पंचांगं चांद्र असल्याने बहुतेक वर्षी तो शारदीय नवरात्राच्या जोडीनेच येतो. 2023 मध्ये दोन्ही 15 ऑक्टोबरला सुरू झाले, 2024 मध्ये 3 ऑक्टोबरला. पण अधिक महिना दोघांकडे वेगळ्या वेळी पडला की गाडी एका महिन्याने चुकते. 2025 मध्ये आपली घटस्थापना 22 सप्टेंबरला होती आणि इथली पहिली तिथी 21 ऑक्टोबरला. त्यामुळे 'नवरात्र म्हणजे तोच आठवडा' असं धरून विमानाची तिकिटं काढू नका. 2026 मध्ये पुन्हा जुळतं: इथे 10 ते 18 ऑक्टोबर, आपली घटस्थापना 11 ला.

स्थानिक लोक याला 'किन फाक' म्हणतात, बँकॉककडे 'किन जे'. पूजा नऊ सम्राट देवांची, म्हणजे 'किउ ओंग' यांची. सप्तर्षींचे सात तारे आणि न दिसणारे दोन, असे नऊ. फुकेतमधली परंपरा साधारण 1825 पासूनची सांगतात. काथू भागात कथलाच्या खाणींवर चिनी मजूर होते. त्यांच्यासाठी आलेल्या नाटक मंडळीत तापाची साथ पसरली. मंडळींनी मांसाहार सोडून या देवांची आराधना केली आणि साथ ओसरली, अशी कथा आहे. आजही काथूच्या मंदिराचा मान मोठा आहे. पेनांगला आणि सिंगापूरलाही हेच देव आणि हेच नऊ दिवस.

आता मुख्य मुद्दा, कारण बाहेरून आलेली माणसं इथेच फसतात. इंग्रजी नावात 'शाकाहारी' असलं तरी हा खाद्यमहोत्सव नाही, व्रत आहे. आपल्या घरातल्या सोवळ्याच्या जवळ जाणारं. मांस, मासे, अंडी वर्ज्य. दूध आणि दुधाचं सगळं वर्ज्य. कांदा, लसूण, छोटे कांदे, लसणाची पात वर्ज्य. दारू, तंबाखू आणि शरीरसंबंधही वर्ज्य. भांडी वेगळी, कपडे पांढरे, तोंडी शिवीगाळ नको. सुतक असलेल्यांनी समारंभात येऊ नये, पाळी चालू असलेल्या बायकांनी येऊ नये आणि गरोदर बायकांनी विधी पाहू नयेत, हेही नियमांत आहे. पटो न पटो, मंदिरात पाहुणे आपण आहोत. दारात कुणी तपासायला बसत नाही. तुमच्यावर विश्वास ठेवलेला असतो, म्हणूनच तो पाळावा.

मराठी स्वयंपाकघर इथे दोन ठिकाणी अडतं. पहिलं म्हणजे दूध. साजूक तूप, दही, ताक, पनीर, दुधाचा चहा, काहीच चालत नाही. शेजारच्या थाई कुटुंबाला प्रेमाने शिरा नेऊन दिलात आणि त्यात चमचाभर तूप असेल, तर ते हसून घेतील आणि खाणार नाहीत. तेलातला, नारळाच्या दुधातला द्या. दुसरं म्हणजे हिंग. कांदा-लसूण नाही म्हटलं की आपला हात आपोआप हिंगाच्या डबीकडे जातो. पण चिनी बौद्ध परंपरेत वर्ज्य मानलेल्या पाच उग्र पदार्थांत हिंगही येतो. थाई लोकांच्या रोजच्या यादीत तो नसतो, कारण ते वापरतच नाहीत; तरीही कुणा पाळणाऱ्यासाठी फोडणी करताना मोहरी, जिरं, आलं, कढीपत्ता एवढ्यावर थांबा. उलट बटाटा, गाजर, सुरण, अळकुड्या, मशरूम, तांदूळ, गहू, डाळी सगळं चालतं. म्हणून कांदा-लसूण नसलं तरी हे जेवण जैन समजू नका.

आईंच्या उपासाचं गणित वेगळं. इथे धान्य चालतं पण दूध नाही. त्यांच्या उपासाला दूध चालतं पण धान्य नाही. दोन्ही एकत्र पाळायचं तर साबुदाण्याची खिचडी शेंगदाणा तेलात आणि जिऱ्यावर करा, वर ओलं नारळ. ती दोन्हीकडे बसते. रताळी, केळी, शहाळं, फुकेतचा छोटा गोड अननस भरपूर मिळतो. साबुदाणा आणि वरीचे तांदूळ मात्र भारतातूनच आणायला सांगा. इथे 'साखू' नावाने मिळणारे पांढरे मणी नारळाच्या खिरीसाठी असतात. आपल्यासारखे भिजत घातले की विरघळून त्यांची खळ होते. बाहेरचं 'किन फाक' जेवण त्यांच्या उपासाला चालणार नाही, कारण त्यात नूडल्स, भात आणि सोयाच जास्त.

बाजारात पिवळी पताका आणि तिच्यावर लाल अक्षर (17 या आकड्यासारखं दिसतं) असेल तिथे 'जे' म्हणजे या व्रतात चालणारं जेवण मिळतं. तरी दोन प्रकारची दुकानं ओळखायला शिका. फक्त या नऊ दिवसांसाठी उभारलेल्या गाड्यांवर कढई, तेल, डाव सगळं वेगळं असतं. नेहमीच्या हॉटेलाने चार पदार्थ 'जे' म्हणून वाढवलेले असतील तर कढई तीच असण्याची शक्यता धरा. विचारायला एवढे शब्द पुरतात: 'नाम प्ला' माशाचं पाणी, 'नाम मन होय' कालवांचा सॉस, 'कापी' कोळंबीची पेस्ट, 'खाय' अंडं, 'नोम' दूध. 'साय खाय माय?' म्हणजे 'अंडं घातलंय का?' नुसतं 'मांगसाविरात' (शाकाहारी) म्हणून मागितलंत तर अंडं आणि दूध येऊ शकतं, 'जे' म्हणा. घरी करायचं तर साधी थाई करी पेस्ट घेऊ नका, तिच्यात कापी आणि लसूण असतो. पाकिटावर पिवळं चिन्ह असलेली वेगळी मिळते. काही घरांत कालवं चालतात अशी समजूत आहे, तेव्हा 'जे' ऐकूनही शंका आली तर 'होय' (शिंपले-कालवं) आहे का ते विचारा.

खायला काय घ्यावं? होक्किएन नूडल्स, तळलेलं टोफू, अळकुड्यांची भजी, मशरूमचं सूप, आणि 'ओ एव' ही बर्फावरची जेली. नकली बदक, नकली डुकराचं मांस यांचा चवीला फारसा उपयोग नाही असं माझं मत. गव्हाच्या ग्लुटेनचे गोळे, खारट आणि तेलकट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट बिघडतं ते बहुधा या तळणानेच. त्यापेक्षा मंदिरातलं जेवण उत्तम. इथली कुटुंबं मंदिरात नाव नोंदवून, दान देऊन रोज 'पिंतो' (आपला टिफिनचा डबा) भरून नेतात. परदेशी माणसालाही मिळतं. स्वच्छ डबा घेऊन पांढऱ्या कपड्यांत जा आणि दानपेटीत काहीतरी टाका. सगळे नऊ दिवस जमत नसतील तर तीन दिवस पाळणारेही पुष्कळ असतात. एकदा सुरू केलं की मधेच मोडू नये, एवढंच.

उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक मंदिरात 'को तेंग' म्हणजे उंच बांबूचा खांब उभारतात आणि मध्यरात्री त्यावर नऊ दिवे चढवतात. हा प्रसंग शांत, फटाके बेताचे, मुलाला न्यायला अगदी योग्य. गर्दी वाढायच्या आत जुई तुई किंवा काथूच्या मंदिरात पोहोचा.

मिरवणुकांचं तसं नाही. देव अंगात आलेले 'मा सोंग' गालांतून सळया, तलवारी आणि त्याहून चमत्कारिक वस्तू आरपार घालून चालतात. टोचण्याचं काम पहाटे मंदिराच्या आवारात होतं. तिथे सहा वर्षांच्या मुलाला नेऊ नका. मिरवणूक सकाळी सातच्या सुमाराला निघते. मोठ्या मंदिरांच्या मिरवणुका शेवटच्या दिवसांत असतात, पण त्या त्या वर्षीचं वेळापत्रक पाहूनच ठरवा. मुलाला न्यायचंच तर मंदिराजवळ आणि चौकात उभे राहू नका, कारण पालख्यांवर फटाक्यांच्या माळा तिथेच फेकतात. रस्त्याच्या सरळ पट्ट्यात, दुकानाच्या ओवरीत मागे उभे राहा. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे (नायलॉन ठिणगीने वितळतं), टोपी, साधा गॉगल, मास्क, कानात बोळे. मुलाला कानांवरचे हेडफोनसारखे संरक्षक. दमा असेल तर धुरापासून लांबच. गाडी नेऊ नका, जुन्या शहरातले रस्ते बंद असतात.

मा सोंग किंवा पालखी समोर आली की हात जोडा आणि आजूबाजूचे खाली बसले तर तुम्हीही बसा. गच्चीवरून देवाकडे खाली पाहणं इथे उद्धटपणा. फोटो चालतात, पण वाटेत आडवं येणं, सळईला हात लावणं, चेहऱ्याजवळ फ्लॅश मारणं नको. दुकानांपुढे लाल कापड घातलेल्या मेजावर चहाचे नऊ पेले, फळं, फुलं, उदबत्त्या मांडतात. मा सोंग थांबून चहा घेतात आणि एखादं फळ किंवा दोरा हातात देतात. दोन्ही हातांनी घ्या, नको म्हणू नका. घर मिरवणुकीच्या वाटेवर असेल तर असं मेज तुम्हीही मांडू शकता; घरमालकाला विचारलंत तर तेच शिकवतील.

सहभागी व्हायचं तर पूल ओलांडण्याचा विधी घ्या. व्रत पाळलेले लोक छोट्या पुलावरून जातात आणि सदऱ्याच्या पाठीवर लाल शिक्का उमटतो; तो धुऊन जात नाही, म्हणून जुना पांढरा सदरा घाला. निखाऱ्यांवरून चालणं आणि पात्यांच्या शिडीवर चढणं फक्त पाहा.

नवव्या रात्री देवांना साफान हिनला समुद्राकडे निरोप देतात. उत्सवातला सगळ्यात जास्त फटाक्यांचा तास हाच. मुलाला आणि आईंना घरी ठेवा, परतीचं वाहन आधीच ठरवा, कारण मध्यरात्रीनंतर तिथे टॅक्सी सहज मिळेलच असं नाही. दुसऱ्या दिवसापासून पिवळ्या पताका पाहून जेवायला बसू नका: काही दुकानांवर त्या तशाच लटकत राहतात, कढईत मात्र नाम प्ला परत आलेलं असू शकतं.