ग्वाल्हेरच्या वाड्यातले मोडी रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) संग्रहालयात आलेत, ॲटममध्ये (जुन्या दस्तऐवजांच्या नोंदी ठेवायच्या संगणकप्रणालीत) नोंदी कशा भराव्यात?

सुट्या कागदांना नंबर देत बसू नका. दफ्तर, रुमाल, पुडकं, कागद ही उतरंड आहे तशीच ठेवा; कागद कुठल्या रुमालात होता यातच निम्मा इतिहास असतो. ॲटममध्ये भरायच्या सीएसव्ही तक्त्यात आईची ओळ (उदा. रुमाल) लेकराच्या (त्यातला कागद) वर हवी, नाहीतर उतरंड मोडते. फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, देवनागरीचा कचरा होणार नाही.

खरी गोची तारखांची. शुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांवरची जुनी कालगणना) मृग नक्षत्रापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतचा जानेवारी: ११६१ + ६०० = १७६१. मूळ सन ॲटमच्या वाचकाला दिसणाऱ्या तारखेच्या रकान्यात जसाच्या तसा लिहा. इसवी तारीख सुरुवात-शेवटच्या रकान्यांत, म्हणजे शोधता येते. एक्सेलला १९०० पूर्वीच्या तारखा कळत नाहीत, तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करा.