‘पुत्र’, ‘वंशावळ’ आणि गाळलेल्या पिढ्या

प्रश्न असा आहे : बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच ओळीत येशूला दावीद राजाचा आणि अब्राहामाचा पुत्र म्हटले आहे. या तिघांमध्ये शेकडो वर्षांचे अंतर असताना ‘पुत्र’ हा शब्द चुकला आहे का, आणि त्यामागून येणाऱ्या पूर्वजांच्या यादीला ‘वंशावळ’ म्हणता येईल का?

‘पुत्र’ चुकलेला नाही. हिब्रूतील ‘बेन’ हा शब्द मुलगा, नातू आणि दूरचा वंशज या सर्वांना चालतो. मत्तयाचे शुभवर्तमान ग्रीक भाषेत असले, तरी हे वळण तिथूनच आले आहे. कालिदासाच्या क्रमाने रघू हा रामाचा पणजोबा, तरी आपण रामाला ‘राघव’ म्हणताना अडखळत नाही. मत्तय तर योरामानंतर थेट उज्जीयाचे नाव घेतो आणि मधले अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे गाळतो, कारण त्याला चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट जुळवायचे आहेत. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असते, आणि ‘दावीद’ या नावातील दालेथ, वाव, दालेथ यांची बेरीज 4 + 6 + 4 म्हणजे 14 होते; चौदा हा आकडा त्यातूनच आला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. (यादीतले एक नाव दोनदा मोजल्याखेरीज तिन्ही गट भरत नाहीत, ही गंमत निराळी.)

आता ‘वंशावळ’. वंश अधिक आवली, म्हणजे वंशाची ओळ. ‘दिवाळी’तही हीच आवली आहे. मराठीत हा शब्द आज सर्वाधिक ऐकू येतो तो वारसनोंद आणि जात पडताळणीच्या कागदपत्रांत, आणि नेमक्या याच कारणाने तो मला येथे चपखल वाटतो. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून परतलेल्या काही यहुदी याजक, म्हणजे पुरोहित, घराण्यांना वंशावळीच्या नोंदीत आपली नावे सापडली नाहीत, म्हणून त्यांना याजकपदावरून दूर ठेवले गेले, असे बायबलमधील एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तिथे वंशावळ हे हक्काचे प्रमाणपत्रच होते. मत्तयही येशूचा दाविदाच्या गादीवरील हक्क सिद्ध करतो. दुसरा शुभवर्तमानकार लूक मात्र येशूपासून ओळ उलटी चढवत आदामापर्यंत आणि पुढे देवापर्यंत नेतो, कारण त्याच्यासमोर सगळी मानवजात आहे.

एका ठिकाणी मात्र ‘वंशावळ’ हा शब्द अपुरा पडतो. अशा याद्यांसाठी हिब्रूत येणारा ‘तोलदोत’ हा शब्द ‘जन्म देणे’ या धातूपासून आला आहे, आणि बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात तो आकाश व पृथ्वी यांच्याबद्दल वापरला आहे. तिथे ‘वंशावळ’ म्हटले तर हसू येईल. ‘उत्पत्तीचा वृत्तांत’ असेच म्हणावे लागते.