'हाइ' म्हणजे हो नव्हे

प्रश्न: ताई, मी पुण्याचा, सॅप या कंपन्यांच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरचा कन्सल्टंट, सहा महिने झाले टोकियोत क्लायंटकडे आहे. मध्यंतरी गोदामाच्या मॉड्यूलचं डिझाइन दाखवलं, समोरचे सगळे दर वाक्याला 'हाइ, हाइ', म्हणजे जपानीत 'हो, हो', करत होते, मी खूश, पुण्याच्या मॅनेजरला लगेच कळवून टाकलं की अप्रूव्हल मिळालं. दोन आठवड्यांनी बघतो तर काहीच ठरलेलं नाही. मग पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्यांच्या साहेबांना विचारलं, हो की नाही एकदाचं सांगा, तर अशी शांतता की एसीचा आवाज ऐकू यायला लागला. माझं चुकलं कुठे?
– एक वाचक, निशी-कासाई

उत्तर: अरे, ते 'हाइ' म्हणजे बहुतेक वेळा 'ऐकतोय, पुढे बोल' एवढंच, आपण फोनवर हं हं करतो ना, तसं. मी तिथे सात वर्षं काढली, पहिलं वर्ष याच 'हाइ'वर खूश होते.

नकार कसा येतो सांगते. कोणीतरी मान तिरकी करून दातांतून स्स् करत हवा ओढतो, 'चोत्तो...', म्हणजे 'जरा...', म्हणतो आणि वाक्य तिथेच सोडून देतो. मेलमध्ये 'केंतो शिमासु', म्हणजे विचार करतो, असं आलं की ते बऱ्याचदा आपलं 'बघू' समज. लहानपणी सायकल मागितल्यावर बाबा 'बघू' म्हणाले की कळायचं ना, सायकल काही येत नाही?

आणि निर्णय मीटिंगमध्ये होतच नाही रे, तो आधीच झालेला असतो. त्या आधीच्या कामाला नेमावाशी म्हणतात (आपल्या कानाला मावशी ऐकू येते, येऊ दे, लक्षात राहतं), शब्द बागकामातला, झाड हलवायच्या आधी मुळांभोवती खणून ती तयार करून घेतात ना, ते. म्हणजे काचोला, सेक्शन मॅनेजरला, एकट्याला गाठायचं, गोदामवाल्याला वेगळं, अकाउंट्सवाल्याला वेगळं, ज्याची हरकत असेल तो एकट्यात बोलतो, चारचौघांत नाही. मग रिंगीचा, म्हणजे मंजुरीचा, कागद फिरतो, त्यावर एकेकाचा हांको, शिक्का, पडतो, आता बऱ्याच ठिकाणी हे कॉम्प्युटरवरच होतं. वेळ जातो, पण नंतर काम सुसाट.

आपलंही एक आहे बरं का. गुरुवारपर्यंत होईल का विचारलं की आपण 'हो हो, होऊन जाईल', आणि तिथे तो गुरुवार वहीत लिहिला जातो.

आता साहेबांचं. उद्या काचोकडे एकटा जा, त्या दिवशी घाई केली एवढंच म्हण, लांबण लावू नकोस, आणि आधी कोणाकोणाला भेटू ते त्यालाच विचार. पुण्याच्या मॅनेजरला मात्र आजच मेल टाक.